डावीकडचं मागचं दार

गाडी विकत घेताना माणूस एकदाच फसतो. लीजवर घेतली तर छत्तीस महिने फसायची सोय असते. म्हणून तिसऱ्या दिवशीही मी त्या शोरूममध्ये कागद पुढ्यात ओढून बसले होते, आणि समोरचा माणूस तितक्याच गोड आवाजात मला "मॅडम, तुमच्यासाठी म्हणून सांगतो" असं म्हणत होता. मनातल्या मनात मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. लीजचे सगळे करार त्याच्याच टेबलावर व्हायचे.

व्यवहार तसा सरळ होता. गाडी कंपनीची. तीन वर्षं ती मी वापरायची, दर महिन्याला हप्ता भरायचा, आणि मुदत संपली की जशी नेली तशी आणून उभी करायची. मी भांडत होते ते दोन आकड्यांवरून, एक हप्त्याचा आणि दुसरा किलोमीटरचा. त्यांच्या छापील करारात वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होते, त्याच्या वर गेलं की दर किलोमीटरला दंड. मला पंचवीस हजार तरी लागणार होते.

कारण मला काम मिळालं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर पहिल्यांदा स्वतःचं काम. डायलिसिसच्या पेशंटना घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं, चार तासांनी परत घरी पोचवायचं. केंद्राच्या अटी दोनच: गाडी नवी हवी, आणि मागे चाकांची खुर्ची घडी करून मावली पाहिजे. एक तारखेला गाडी घेऊन हजर व्हायचं, नाहीतर काम यादीतल्या पुढच्या माणसाला. एक तारीख नऊ दिवसांवर आली होती. आणि हप्ता माझ्या मनातल्या आकड्याच्या वर गेला, तर महिनाभर राबून माझ्या हातात फक्त स्टिअरिंग उरणार होतं. तो आकडा मी कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

बाबांना मी त्या दिवशी बरोबर नेलं ते वेगळ्याच कारणाने. माझे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे, आणि गाडी उंच. म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का, गुडघा कुठे अडतो, आधाराला हात कुठे जातो, हे मला बघायचं होतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस घरात फुकट उपलब्ध होता.

"म्हणजे मला पोतं म्हणून नेतेस," बाबा म्हणाले.

"पोतं कुरकुर करत नाही," मी म्हणाले.

बाबांनी पंचेचाळीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. चेपलेला पत्रा आतून ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा, आणि काही झालंच नव्हतं असं दाखवायचं. श्वासाचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी गॅरेज बंद करायला लावलं. तेव्हापासून ते घरात बसून असतात, आणि बसलेल्या बाबांना बघणं हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड उद्योग आहे.

शोरूममध्ये गाडी मधोमध उभी होती. निळसर राखाडी रंग, वर ट्यूबलाइटच्या लांबच लांब रांगा, आणि त्या रांगा तिच्या अंगावर उतरलेल्या. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिला पाहून मी दारातच थांबले होते. एवढी मोठी, एवढी शांत वस्तू, आणि तिच्या मागच्या सीटवर कुणीतरी दमलेलं माणूस डोळे मिटून बसलंय, असं मला दिसायला लागलं होतं. पण मी तिच्याकडे धड बघत नव्हते. आवडली हे तोंडावर दिसलं की समोरचा हप्ता धरून बसतो.

बाबांना मी डावीकडच्या मागच्या दारातून आत चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. गुडघा अडला नाही. हात मात्र दर वेळी दाराच्या कडेवर गेला. "आत एक मूठ लावून घे," ते म्हणाले. ते मी लिहून घेतलं आणि त्यांना तिथेच सोडून टेबलापाशी आले.

किलोमीटरवर आम्ही बावीस हजारांपर्यंत पोचलो होतो. हप्ता माझ्या आकड्याच्या बाराशे वर अडला होता. गोडबोल्याने खुर्ची मागे सारली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "वर विचारून येतो." हे 'वर' म्हणजे कॉफीचं मशीन होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो कॉफी प्यायला गेला आणि मी मागे वळून पाहिलं.

बाबा अजून दारापाशीच होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून उलगडला होता, दाराच्या पत्र्यावर ठेवला होता, आणि रुमालावर तळहात. बोटं अजिबात दाबलेली नाहीत. हात पुढच्या दारावरून निघायचा, मागच्या दारावरून सावकाश जायचा आणि पार मागच्या चाकाच्या वर जाऊन थांबायचा. मग परत. डोळे मिटलेले. मी ते लहानपणी रोज पाहिलं होतं. मधल्या पातळ कापडामुळे हाताला चकचकीतपणा लागत नाही, फक्त पत्र्याचा आकार लागतो. गॅरेजमध्ये त्यांचा हात असा चालला असताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मी जवळ जाऊन गप्प उभी राहिले.

"हे दार पुन्हा रंगवलेलं आहे," ते म्हणाले.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. नवी म्हणून दाखवलेली गाडी, आणि दार दुरुस्त केलेलं! बाराशे काय, आता मी याच्याकडून हप्त्याचा पार भुगा करून घेणार होते. "नक्की?" मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी पुन्हा आयुष्यात विचारणार नाही.

गोडबोल्या कॉफी घेऊन आला. मी आवाज मुद्दाम मोठा ठेवला. आधी तो हसला. मग म्हणाला, आजोबांचा काहीतरी गैरसमज होतोय, गाडी सरळ कारखान्यातून आलीय. मी म्हणाले, रंगाची जाडी मोजायचं यंत्र तुमच्याकडे असेलच, आणा. परत आलेल्या गाड्या तुम्ही त्यानेच तपासता ना? आता नाही म्हणायची सोय नव्हती. मुठीत मावेल एवढं ते यंत्र त्याने स्वतः आणलं, आणि एकेका दाराला टेकवत गेला. एकशे चार. एकशे आठ. एकशे पाच. डावीकडचं मागचं: एकशे एक्क्याण्णव.

कॉफीचा कप त्याने बॉनेटवर ठेवायला नेला आणि मध्येच हात मागे घेतला.

"ट्रेलरवरून उतरवताना जरासा धक्का लागला होता," तो म्हणाला. आवाजातला गूळ निम्मा झाला होता. "अगदी किरकोळ. आमच्याच वर्कशॉपमध्ये करून घेतलं."

मी तोंड उघडलं. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "किरकोळ नव्हता. पत्रा बराच आत गेला होता. इथून इथपर्यंत. हे ज्याने काढलंय त्याचा हात... असं काम मी पंचेचाळीस वर्षांत दोनदा पाहिलंय. कारखान्यालाही असं जमलेलं नाही."

मी त्यांचा कोपर इतक्या जोरात दाबला की त्यांनी "अगं!" म्हटलं. पण जायचं ते गेलं होतं. गोडबोल्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"बघा मॅडम! आजोबा जाणकार आहेत. कारखान्यापेक्षा चांगलं, असं तेच म्हणतायत. मग सूट कशाबद्दल मागायची?"

संतापाने माझे कान तापले. तीन दिवस मी गाडी आवडल्याचं तोंडावर दिसू दिलं नव्हतं, आणि या माणसाने हातातलं एकुलतं एक हत्यार समोरच्याला पुसून, चमकवून, वर नमस्कार करून दिलं होतं. "बाबा," मी दातओठ खात म्हणाले, "आपण इथे काम बघायला आलोय का?"

"तू बघितलंसच कुठे," ते म्हणाले. "इकडे ये. खाली वाक. ती वरची ट्यूब पुढच्या दारात कशी दिसते, बघ."

वाकले. राग आला तरी बाबांचं मी ऐकते. पुढच्या दारात ट्यूबचं प्रतिबिंब होतं, पण त्याची कड अगदी बारीक थरथरलेली होती. नव्या गाडीच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखी जराशी खरखर असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग मी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे ट्यूबची कड पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. दार संपेपर्यंत सरळ, आणि दार संपलं की पुन्हा थरथर. त्या एवढ्याशा चौकोनात छत, दिवे, मी, बाबा, सगळं इतकं स्वच्छ उभं होतं, की मी हात लावायला गेले आणि लावला नाही. कुणीतरी माणसाने हे हाताने केलं होतं. मला भांडण आठवेना.

"खराब म्हणून नाही सापडलं," बाबा हळूच म्हणाले. "चांगलं म्हणून सापडलं." मग गोडबोल्याकडे वळून म्हणाले, "ज्याने केलंय त्याला बोलवा."

गोडबोल्याला ते सोयीचं वाटलं असावं. म्हातारा तिकडे रमला की मुलीशी इकडे उरकून घेता येईल. त्याने फोन केला.

मागच्या वर्कशॉपमधून एक बाई आली. पस्तिशीची असेल. गळ्यात लोंबणारा मास्क, नाकावर त्याचा लाल वळ, नखांच्या कडांत राखाडी रंग. ती दारापाशी आली, यंत्र पाहिलं, गोडबोल्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. आपल्यावर काहीतरी शेकणार, एवढंच तिला कळलं होतं.

बाबांनी तिचा उजवा हात मागितला. तिने गोंधळून पुढे केला. त्यांनी तो उलटा करून तळहात पाहिला, जसा सोनार दागिना बघतो तसा.

"किती दिवस लागले?"

"चार," ती म्हणाली. "साहेबांनी दोन दिले होते. दोन रात्रीचे घातले."

"पुट्टी?"

"नाही घातली. सगळा पत्रा आतूनच काढला."

बाबांनी डोळे मिटले. पुट्टी न भरता एवढा खड्डा नुसता ठोकून सपाट करणं काय असतं, हे मला माहीत होतं. बाबा ते करू शकायचे, ते गॅरेज ऐन भरात असताना, आणि तेही दर वेळी नाही.

"एकच चूक केलीस, पोरी," ते म्हणाले. "कारखान्यापेक्षा चांगलं केलंस. थोडी खरखर ठेवायची. मग माझ्या बापालाही सापडलं नसतं."

ती पहिल्यांदा हसली. "माहीत आहे, काका. ठेवायलाच सांगितलं होतं. शेवटचा हात घासायला घेतला आणि... इतकं जमून आल्यावर मुद्दाम बिघडवायचं जिवावर आलं."

 बाबांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा. माझ्या वडिलांना मी कुणापुढे इतकं नमलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यात कमीपणा नव्हता, उलट ते मला एकदम उंच दिसायला लागले.

गोडबोल्याने मला खूण करून टेबलाशी बोलावलं. त्याने एक कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. त्यावर पेनाने एक आकडा लिहिला होता.

तो माझा आकडा होता, अगदी तोच; त्याने तो कसा ताडला कोण जाणे. तीन दिवस पोटात जपलेला, नवऱ्यालाही न सांगितलेला. त्याखाली: वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर.

"फक्त इथे सही करा," तो म्हणाला. "आणि दाराचं राहू दे. कुणाला काय कळणार आहे?"

त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. गाडी ताब्यात देताना भरतात तो. त्यावर गाडीचं चारी बाजूंनी चित्र असतं, आणि जिथे ओरखडा, पोचा, दुरुस्ती असेल तिथे फुली मारायची असते. चित्र कोरं होतं. पेन माझ्या हातात होतं. एक तारीख, केंद्र, मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेलं माणूस, सगळं त्या एका सहीपलीकडे उभं होतं. पेन टेकलं होतं, हे मी लपवत नाही.

मग मला ते यंत्र दिसलं. ते अजून त्याच्या खिशातून डोकावत होतं. तीन वर्षांनी मी गाडी परत आणेन. कुणीतरी हेच यंत्र एकेका दाराला टेकवत जाईल. एकशे चार, एकशे आठ, एकशे एक्क्याण्णव. मग माझा हा कोरा कागद काढतील आणि म्हणतील, बाई, जशी नेली तशी आणली नाहीत. आख्ख्या दाराचे पैसे माझ्याकडून घेतील.

"परत घेताना कोण तपासतं?" मी विचारलं.

"मीच असेन ना, मॅडम."

"नाही," मागून आवाज आला. पेंटर बाई बाबांबरोबर टेबलापर्यंत आली होती. "तपासायला बाहेरची माणसं येतात. यंत्र लावूनच बघतात."

"तू तुझं काम कर," गोडबोल्या म्हणाला. आता त्याच्या आवाजात गूळ अजिबात उरला नव्हता.

ती गेली नाही. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, मागितलंही नाही, आणि त्या कोऱ्या चित्रातल्या डावीकडच्या मागच्या दाराभोवती गोल काढला. खाली सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं: 'ताब्यात देण्याआधी धक्का लागला. पत्रा सरळ केला, पुट्टी नाही. संपूर्ण दार रंगवलं.' तारीख टाकली.

"तुला कळतंय का, काय करतेयस?"

"हो साहेब. सही करतेय," ती म्हणाली. "लपवायला सांगितलंत तोवर लपवलं. आता सापडलंय. माझं काम दुसऱ्या कुणाचा अपघात म्हणून नोंदलेलं मला चालणार नाही." आणि तिने सही केली.

  मी तीन दिवस स्वतःसाठी लढत होते आणि स्वतःला शूर समजत होते. या बाईने स्वतःच्या साहेबासमोर, स्वतःच्या नोकरीवर पेन ठेवून, मला चाळीस शब्दांत वाचवलं होतं, आणि तिला वाटत होतं की ती फक्त दाराबद्दल बोलतेय.

गोडबोल्या या वेळी खरंच वर गेला. जिना चढताना मी त्याला पाहिलं. पंचवीस मिनिटांनी उतरला, तेव्हा हातात नवा करार होता. दुरुस्ती नोंदलेली गाडी त्यांना नव्याच्या दराने लीजवर देता येत नव्हती. हप्ता माझ्या आकड्याच्याही साडेचारशे खाली आला होता. किलोमीटर पंचवीस हजार. गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर येतेय, असं केंद्रासाठी वेगळं पत्र. मी प्रत्येक ओळ वाचली, कारण भारावले असले तरी मी मीच आहे. दाराचा कागद करारालाच टाचून घेतला. आणखी ताणता आलं असतं. ताणलं नाही. एवढं रास्त होतं.

"हिला काही झालं तर मी दर सर्व्हिसिंगला येऊन इथे बसेन," सही करताना मी म्हणाले.

"हिला काढून मी असं काम कुणाकडून करून घेऊ?" गोडबोल्या म्हणाला. त्याचं तोंड आंबट होतं, पण मला ते खरं वाटलं.

किल्ली माझ्या हातात आली. बाबा पुन्हा दारापाशी जाऊन उभे होते, या वेळी रुमालाशिवाय, नुसता हात टेकवून. पेंटर बाई त्यांच्या शेजारी होती.

"आमच्याकडून गाडी गेली की गेली," ती म्हणत होती. "ऊन खाऊन, धुऊन-पुसून रंग कसा राहतो, कधी कळतच नाही. ही मात्र तीन वर्षांनी इथेच यायचीय. मला बघायचंय हिला."

 बाबा गेली दोन वर्षं पुढच्या महिन्यातलंही काही ठरवत नाहीत. डॉक्टरांची तारीख सांगितली तर 'बघू' म्हणतात, नातीच्या शाळेचं संमेलन सांगितलं तर 'बघू' म्हणतात. हिवाळ्यासाठी स्वेटर घेऊ म्हटलं, तर आहे तो पुरेल म्हणतात. आम्ही आता विचारायचंच सोडून दिलंय.

"तारीख कोणती?" त्यांनी विचारलं.

तिला कळलं नाही. मला कळलं. मी करार उघडला आणि मुदत संपायची तारीख वाचून दाखवली. 

"मी येतो," बाबा तिला म्हणाले. "दोघं मिळून बघू. सकाळी की दुपारी?"

"सकाळी," ती म्हणाली. "उजेड चांगला असतो."

"मग सकाळी," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "लिहून घे."